ट्रॅक्टर न विकण्याची हमी शेतकऱ्याकडून घेता, मग सुटे भाग देण्याची हमी कंपनीकडून का नाही?

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : अनुदानावरच्या ट्रॅक्टरसाठी सेवा आणि सुट्या भागांची लेखी हमी कंपन्यांकडून घेण्याबाबत.

महोदय,

महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर ट्रॅक्टरसाठी अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याला किती कागद जोडावे लागतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. जमिनीचे आणि ओळखीचे पुरावे, बँकेचा तपशील, लागत असेल तर जातीचा दाखला. निवड झाली की डीलरचं कोटेशन आणि त्या मॉडेलचा मान्यताप्राप्त संस्थेचा परीक्षण अहवाल. खरेदी झाली की बिल, आणि मग मोका तपासणी. सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) येतात, चेसिस नंबर बघतात, शेतकऱ्याला ट्रॅक्टरपाशी उभं करून फोटो काढतात. या सगळ्यात आम्ही एक हमीपत्रही देतो, की ट्रॅक्टर ठरावीक मुदतीत विकणार नाही आणि विकला तर अनुदान परत करू.

या हमीपत्राबद्दल माझी तक्रार नाही. सरकारी पैशाने घेतलेलं यंत्र महिन्याभरात बाजारात उभं राहता कामा नये, हे मला पटतं. पण त्या सगळ्या फायलीत कंपनीने शेतकऱ्याला दिलेली एकही हमी नसते. ट्रॅक्टर आम्ही सांभाळायचा, विकायचा नाही, कर्जाचे हप्ते पाच-सात वर्षं भरायचे. पण तेवढी वर्षं तो चालता राहावा म्हणून लागणारे भाग मिळतील का, मिळाले तर कुठे आणि किती दिवसांत, हे कोणीही लिहून देत नाही. तेवढंच मागण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. आमच्याकडे दोन ओळींमध्ये नऊ-दहा फुटांचं अंतर, त्यात वरून मांडव, त्यामुळे मोठा ट्रॅक्टर बागेत शिरत नाही. वीस ते अठ्ठावीस एचपीचा अरुंद मिनी ट्रॅक्टर आणि मागे पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा ब्लोअर, यावरच आमची फवारणी. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंग्यातून पुढे सरकली, घड बाहेर आले, दोडा अवस्था आली, आणि त्यात दोन दिवस ढग राहून पाऊस झाला, की डाऊनी हा बुरशीचा रोग कोणासाठी थांबत नाही. पाऊस उघडला की त्याच दिवशी औषध गेलं पाहिजे. वेळ अशी असते की रात्री हेडलाइट लावून फवारण्या होतात. त्या आठवड्यात ट्रॅक्टर उभा राहिला तर शेजाऱ्याचा मागता येत नाही, कारण त्याचीही तीच घाई. भाड्याने मिळत नाही, कारण भाड्याचे सगळे आधीच कोणाच्या ना कोणाच्या बागेत गेलेले असतात. नांगरट आठवडाभर पुढे ढकलता येते. फुलोऱ्यातली फवारणी नाही ढकलता येत. घडकुज लागली तर वर्षाचं पीक जातं, छाटणीपासूनचा सगळा खर्च अंगावर येतो.

आमच्याच गावात घडलेली गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे एकाच कंपनीत होतं असं नाही. मिनी ट्रॅक्टरचा पीटीओ फिरेना. मेस्त्रीने खोलून पाहिलं तर शाफ्टवरचे स्प्लाइन, म्हणजे पकड देणाऱ्या खाचा, झिजून गुळगुळीत झालेले. ज्या डीलरकडून ट्रॅक्टर घेतला होता, त्याचं शोरूम बंद झालेलं. बोर्ड उतरवलेला, आत मोबाइलचं दुकान. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने अगदी नीट बोलून तालुका विचारला, तक्रार लिहून घेतली आणि जवळच्या अधिकृत विक्रेत्याचा नंबर दिला. तो नंबर त्याच बंद झालेल्या डीलरचा होता. मग शेजारच्या जिल्ह्यातला डीलर शोधला. तो म्हणाला, हे मशिन आमच्याकडून गेलेलं नाही, पार्ट मागवून देतो पण पूर्ण पैसे आगाऊ लागतील आणि किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही.

शेवटी शाफ्ट लेथवर नेला. लेथवाल्याने वेल्डिंग भरून नवे स्प्लाइन कापून दिले. काम सफाईदार होतं, त्याच्या हाताला नावं ठेवता येणार नाहीत. पण कंपनीच्या शाफ्टला जी उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेलं असतं, ती गावच्या लेथवर होत नाही. भरलेला भाग मऊ राहिला आणि हंगाम संपायच्या आत पुन्हा झिजला. तोवर बागेचा अर्धा तुकडा गेला होता.

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती शोरूममध्ये कोणी सांगत नाही. फिल्टर, बेअरिंग, ऑइल सील, फॅन बेल्ट, सेल्फ, डायनॅमो, पंपाचं काम यासाठी शेतकरी अडत नाही. बेअरिंगवर नंबर असतो, सील मापाने मिळतं, सेल्फ आणि डिझेल पंप मोजक्या मोठ्या कंपन्याच बनवतात आणि त्यांचे मेस्त्री नाशिकलाच काय, पिंपळगावलाही आहेत. अडतं ते गिअर, शाफ्ट, लिफ्टचा कंट्रोल व्हॉल्व्ह, क्राऊन-पिनियन, पुढच्या धुऱ्याचे भाग अशा गोष्टींना, ज्या त्या एका मॉडेलच्याच असतात. आणि त्यातही आधी अडतो तो पार्ट नंबर. एकाच मॉडेलमध्ये अमुक चेसिस नंबरपासून पुढे शाफ्टची लांबी बदललेली असते, गिअरचे दाते बदललेले असतात. हे कळतं फक्त कंपनीच्या कॅटलॉगमध्ये, आणि बहुतेक कंपन्यांचा तो कॅटलॉग डीलरच्या लॉगइनखेरीज उघडत नाही. डीलर गेला की माल जातो आणि कोणता माल मागायचा ही माहितीही जाते. राजकोटला किंवा लुधियानाला तो भाग बनवणारा कोणी असेलही, पण त्याला फोनवर सांगायचं काय?

मिनी ट्रॅक्टरमध्ये हे जास्त होतं. त्यातली बरीच मशिनं मुळात जपानी बनावटीच्या वळणावर घडलेली. मोठ्या ट्रॅक्टरचे भाग जसे एकमेकांना थोड्याफार फरकाने चालून जातात, तसं इथे होत नाही. शिवाय संख्या कमी, म्हणून पार्ट्सवाला दुकानदार माल भरून ठेवायला तयार नसतो.

आता कोणी म्हणेल की मोठ्या, जुन्या कंपनीचा घ्या म्हणजे झालं. इतकं सोपं ते नाही. हरियाणातल्या पिंजोरच्या एचएमटीने १९७१ पासून झेटॉर या परदेशी कंपनीच्या तंत्रावर ट्रॅक्टर बनवले, सरकारी कंपनी, तिच्याइतका भरवसा कोणावर असायचा? २०१६ मध्ये केंद्राने तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. पुण्याच्या फोर्स मोटर्सने बलवान, ऑर्चर्ड, अभिमान असे ट्रॅक्टर वर्षानुवर्षं विकले आणि मार्च २०२४ अखेर हा व्यवसाय थांबवला. दोन्ही नामांकित कंपन्या. व्यवसाय परवडत नसेल तर तो बंद करायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, मी त्याबद्दल काही म्हणत नाही. उलटही उदाहरणं आहेत. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टॅफे कंपनीने घेतला, स्वराज २००७ मध्ये महिंद्राकडे गेला. मालक बदलले, पण आजही आयशर आणि स्वराज शेतात आहेत, कारण घेणाऱ्याने नुसतं नाव घेतलं नाही, जाळंही चालू ठेवलं. मॅसी फर्ग्युसनच्या नावावरून टॅफे आणि अमेरिकेच्या ॲग्को यांच्यात २०२४ मध्ये वाद कोर्टात गेला आणि २०२५ मध्ये तडजोड होऊन भारत, नेपाळ आणि भूतानपुरतं ते नाव टॅफेकडे आलं. दोन कंपन्यांनी आपसात मिटवलं, चांगलं झालं. पण वाद चालू असताना ज्याने नुकताच कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला असेल, त्याच्यासाठी कोणत्या कायद्यात काय लिहिलं होतं? मला तरी काही सापडलं नाही.

एचएमटीचं पुढे जे झालं ते बघण्यासारखं आहे. कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी एचएमटी २५११ आजही आमच्या भागात चालताना दिसतो. कारण तो ट्रॅक्टर साधा होता, संख्येने भरपूर होता आणि त्याचे भाग काय मापाचे हे गावोगावच्या मेस्त्र्यांना पाठ होतं. म्हणून छोट्या कारखान्यांनी ते भाग बनवले आणि दुकानदारांनी ठेवले. म्हणजे कंपनी गेली तरी माहिती मोकळी असेल तर ट्रॅक्टर वाचतो. आज नेमकं उलटं होत चाललं आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्यासाठी कॉमन रेल इंजिन आलं, सेन्सर आले, ईसीयू म्हणजे इंजिनवर नियंत्रण ठेवणारा छोटा कॉम्प्युटर आला. हवा स्वच्छ राहावी याला विरोध नाही. पण डॅशबोर्डवर एरर कोड आला आणि तो वाचायचं यंत्र फक्त कंपनीच्या इंजिनिअरच्या बॅगेत असेल, तर आमच्या मेस्त्रीची तीस वर्षांची कारागिरी बोनेटपाशीच थांबते. आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टर नावाचा एक वर्षाचा कोर्स सरकारच चालवतं. त्या मुलांनी बाहेर पडून काय दुरुस्त करायचं?

डीलरची बाजूही मी ऐकली आहे, आणि त्यांना दोष देऊन विषय संपत नाही. तालुक्याच्या गावी शोरूम टाकायचं म्हणजे हायवेला जागा, वर्कशॉप, ठेव, बँकेकडून स्टॉकसाठी उचललेले पैसे आणि त्याचं व्याज. महिनाअखेर आणि मार्चअखेर आली की कंपनीकडून माल उचलण्याचा दबाव. कंपन्या दर महिन्याला जे विक्रीचे आकडे जाहीर करतात, ते प्रामुख्याने डीलरकडे गेलेल्या ट्रॅक्टरचे असतात, शेतकऱ्याच्या दारात गेलेल्यांचे नव्हे. आरटीओत नोंद झालेले आकडे वेगळे असतात, ते डीलरांची संघटना फाडा वाहन पोर्टलवरून काढून प्रसिद्ध करते. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे डीलरच्या अंगणात उन्हात उभे असलेले ट्रॅक्टर, आणि त्यांचं व्याज तोच भरतो. त्यात जुना ट्रॅक्टर बदल्यात घ्यायचा, शेतकऱ्याला कांद्याचे पैसे येईपर्यंत उधार द्यायचं, आणि कांदा पडला की ती उधारी अडकली. अशा वेळी पहिली कात्री पार्ट्सच्या स्टॉकला लागते. गिअर आणि शाफ्ट वर्षभर रॅकवर पडून राहतात, तेवढ्या पैशांत दोन ट्रॅक्टरचं मार्जिन निघतं. फिल्टर आणि ऑइल तेवढं ठेवलं जातं. मग चांगला मेस्त्री सोडून जातो, मग गिऱ्हाईक तुटतं, आणि वर्ष-दोन वर्षांत बोर्ड उतरतो. जो डीलर बंद होणार असतो, त्याची सर्व्हिस आधी बंद पडते. आणि बंद होताना राहिलेले पार्ट्स कंपनी परत घेतेच असं नाही. ते कुठे तरी गोणीत भरून पडतात, आणि दहा किलोमीटरवर त्याच पार्टसाठी एखाद्याचा ट्रॅक्टर उभा असतो.

म्हणून आमच्या भागातले जाणते लोक ट्रॅक्टर घेताना पुढच्या काचेच्या दालनात फार वेळ घालवत नाहीत. मागच्या वर्कशॉपमध्ये जातात. पार्ट्सच्या खिडकीवर उभं राहून क्लच प्लेट, हायड्रॉलिक फिल्टर आणि पीटीओचा शाफ्ट या तिन्हींचा भाव विचारतात. पहिल्या दोन समोर येतात. तिसऱ्याला माणूस कॉम्प्युटरकडे वळला की बरंच कळतं. हेड मेस्त्री किती वर्षं इथे आहे, आधी कोणाकडे होता, हे चहा पिता पिता विचारतात. ज्याला ट्रॅक्टर विकून चार वर्षं झाली अशा माणसाचं नाव मागतात, कालच पेढे वाटलेल्याचं नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या व्यापाऱ्याला पाच वर्षं वापरलेल्याचा भाव विचारतात, कारण पार्ट मिळत नसलेल्या ट्रॅक्टरचा भाव तो व्यापारी कधीच देत नाही. आणि वाहन पोर्टलच्या डॅशबोर्डवर आपल्या आरटीओत, म्हणजे आमच्याकडे एमएच १५ मध्ये, त्या कंपनीच्या किती गाड्यांची नोंद झाली हे कोणालाही घरबसल्या बघता येतं. ज्या भागात एखाद्या कंपनीचे बोटावर मोजण्याइतके ट्रॅक्टर, तिथे तिचा डीलर फार दिवस टिकणं अवघड. मी तरुण पोरांना हेच सांगतो की पाच-दहा हजारांच्या सुटीसाठी लांबच्या जिल्ह्यातून ट्रॅक्टर आणू नका आणि उद्घाटनाची फुलं अजून सुकली नाहीत अशा शोरूमचे पहिले गिऱ्हाईक होऊ नका.

पण महोदय, हे सगळं शेतकऱ्याने आपल्या हुशारीवर शोधून काढायचं का? ज्याच्या घरात पहिल्यांदाच ट्रॅक्टर येतो आहे, त्याला हे कोण सांगणार? आणि अनुदानाची सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते. सरकारी यादीत मॉडेलचं नाव आहे, म्हणजे सरकारने खात्री केली असेल, असं तो समजतो. त्याचं समजणं चुकीचं म्हणता येणार नाही.

मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या ट्रॅक्टर परीक्षण संस्थेचा अहवाल मी वाचला आहे. पीटीओवर किती ताकद मिळते, ड्रॉबारवर किती ओढतो, लिफ्ट किती वजन उचलते, डिझेल किती खातो, ब्रेक कसे, आवाज किती, चालकाला कंप किती बसतो, आणि चाचणीनंतर ट्रॅक्टर खोलून कोणता भाग किती झिजला, हे सगळं त्यात येतं. फार काटेकोर काम आहे ते. पण झिजलेला भाग निफाडच्या शेतकऱ्याला कुठे मिळेल, हे तपासणं त्या संस्थेचं काम नाही. ते कोणाचंच काम नाही, हीच अडचण आहे. विक्रीपश्चात सेवेचा उल्लेख कागदोपत्री असतो, पण मोका तपासणीत चेसिस नंबर बघणाऱ्या कोणी कधी पार्ट्सच्या रॅककडे बघितल्याचं आमच्या गावाला तरी माहीत नाही.

चारचाकी गाड्यांच्या बाबतीत देशाने हा विषय आधीच हाताळला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला, कारण त्यांनी मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात आणि बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली नाही. दंडाच्या रकमेवर पुढे अपिलं झाली, पण गाडीच्या मालकाला एकाच दारात बांधून ठेवता येणार नाही, हे तत्त्व तिथे मांडलं गेलं. पुढे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने चार क्षेत्रं निवडली आणि त्यात शेतीची अवजारं-यंत्रं हे एक क्षेत्र आहे. २४ डिसेंबर २०२२ ला त्याचं पोर्टलही सुरू झालं. म्हणजे मी मागतो आहे ते काही जगावेगळं नाही. पण पोर्टलवर माहिती टाकणं कंपनीच्या मर्जीवर राहिलं तर त्याचा उपयोग मर्यादितच राहणार.

ग्राहक आयोगात जा, असं कोणी सुचवेल. कायदा चांगला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ ते १० लाखांच्या खरेदीला फी २०० रुपये. पण आयोगाचा निकाल लागेपर्यंत किती छाटण्या होऊन जातील? आम्हाला नंतर मिळणारी भरपाई नको, त्या आठवड्यात शाफ्ट हवा.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, टायर आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर आला. त्याचं मनापासून स्वागत. भाग स्वस्त झाले, आता ते मिळतील एवढं बघावं. आणि ते बघण्यासाठी नवा कायदा लागत नाही, कारण दोरी आपल्याच हातात आहे. देशात दरवर्षी लाखो ट्रॅक्टर विकले जातात आणि अनुदानाच्या यादीत आपलं मॉडेल असावं असं प्रत्येक कंपनीला वाटतं. गेली अनेक वर्षं एका ट्रॅक्टरमागे लाख-सव्वा लाख रुपये सरकार देतं. यांत्रिकीकरणाच्या केंद्राच्या उपअभियानात ४० टक्के वाटा राज्याचा असतो, आणि राज्याची स्वतःची यांत्रिकीकरण योजना तर संपूर्ण राज्याच्या पैशावर चालते. केंद्राच्या योजनेत अट घालायला वेळ लागत असेल तर राज्याच्या योजनेपासून सुरुवात करता येईल.

अट अशी असावी, की ज्या कंपनीला यादीत यायचं आहे तिने आयुक्तालयाला एक सेवा हमीपत्र द्यावं. मॉडेलचं उत्पादन थांबल्यानंतरही किमान दहा वर्षं त्याचे भाग मिळतील, हे त्यात असावं. इंजिन, गिअरबॉक्स, पीटीओ आणि लिफ्ट यांचा भाग मागितल्यापासून किती दिवसांत तालुक्याला पोचेल, ते दिवसांत लिहिलेलं असावं, लवकरात लवकर असं नव्हे. पार्ट्सचा कॅटलॉग चेसिस नंबरनुसार आणि किमतीसह सगळ्यांना बघता येईल असा खुला असावा, आणि एरर कोड वाचण्याची सोय बाहेरच्या मेस्त्रीला आणि आयटीआयला रास्त पैशांत मिळावी. कॅटलॉग खुला करायला कंपनीला काय खर्च येतो? तो तयारच आहे, फक्त कुलूप काढायचं आहे. यातलं एकच होणार असेल तर हे आधी करा, असं मी म्हणेन.

डीलर बंद होतो तेव्हाची जबाबदारी वेगळी लिहून घ्यायला हवी. डीलर गेला तरी कंपनी गेलेली नसते, वॉरंटी कंपनीची असते. तेव्हा त्या डीलरकडून ट्रॅक्टर घेतलेल्या प्रत्येकाला पंधरा दिवसांत कळवलं जावं की आता तुमची सर्व्हिस अमुक ठिकाणी. जॉब कार्डं आणि राहिलेल्या फ्री सर्व्हिसची नोंद नव्या डीलरकडे जावी. जाणाऱ्या डीलरचा न वापरलेला पार्ट्सचा साठा कंपनीने परत घेऊन जवळच्या केंद्रात ठेवावा, यात त्या डीलरचेही अडकलेले पैसे मोकळे होतील. आणि नवा डीलर मिळेपर्यंत अधिकृत ठिकाण लांब पडत असेल तर गावच्या मेस्त्रीकडून सर्व्हिसिंग केलं म्हणून वॉरंटी नाकारली जाऊ नये. आज वॉरंटी पुस्तकात सर्व्हिसिंग अधिकृत विक्रेत्याकडेच करण्याची अट असते. विक्रेताच राहिला नाही तर अट पाळायची कशी, याचं उत्तर त्या पुस्तकात नसतं.

यावर छोट्या कंपन्या ओरडतील आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. आमच्या बागांमध्ये छोट्या कंपन्यांची मशिनं आहेत, काही खरंच चांगली आणि स्वस्त आहेत, आणि स्पर्धा राहावी हे शेतकऱ्याच्याच फायद्याचं आहे. म्हणून प्रत्येक तालुक्यात शोरूम हवं अशी अट घालू नये. अट भाग मिळण्याची असावी, शोरूमची नव्हे. पिंपळगावच्या एखाद्या चालत्या पार्ट्सच्या दुकानात कंपनीने आपला साठा ठेवला आणि दोन स्थानिक मेस्त्र्यांना शिकवून तयार केलं, तर ते मोठ्या काचेच्या शोरूमपेक्षा आम्हाला जास्त उपयोगाचं आहे. तीन-चार छोट्या कंपन्यांनी मिळून एक गोदाम केलं तरी चालेल.

आणखी एक. कोणत्या तालुक्यात कोणत्या कंपनीचा डीलर कधीपासून आहे आणि मागच्या काही वर्षांत तिथे किती डीलर बदलले, एवढी यादी महाडीबीटीवर कोटेशन जोडण्याच्या पानावरच दिसावी. माहिती कंपन्यांकडे आहे, त्यांनी ती द्यायची आणि तालुका कृषी अधिकाऱ्याने वर्षातून एकदा खरी आहे का बघायची. चुकीची निघाली तर त्या मॉडेलच्या अनुदानाची पूर्वसंमती थांबवावी. सहायक कृषी अधिकाऱ्यांवर कामाचा बोजा आधीच मोठा आहे, याची जाणीव ठेवूनच हे मागतो आहे. नवी तपासणी नको, मोका तपासणीच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवले तरी पुरे. या ट्रॅक्टरचा डीलर आज चालू आहे का, आणि पार्ट्स कुठे मिळतात?

पुढच्या आर्थिक वर्षाच्या पूर्वसंमती निघण्याआधी राज्याच्या योजनेत या हमीपत्राची अट यावी, एवढी विनंती. मसुदा करायला बसलात तर कंपन्यांच्या प्रतिनिधींबरोबर दोन मेस्त्री आणि एक पार्ट्सचा दुकानदारही बैठकीला बोलवा. कोणता भाग किती वर्षांनी जातो आणि कोणता मिळत नाही, हे आमच्यापेक्षा आणि कंपनीच्या विक्री विभागापेक्षा त्यांना नक्की सांगता येईल. निफाड-दिंडोरीकडून अशी माणसं पाठवायची जबाबदारी आम्ही घेतो.

आपला,
निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार

प्रत माहितीसाठी :
१. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, नाशिक.
२. ट्रॅक्टर अँड मेकॅनायझेशन असोसिएशन, नवी दिल्ली. आपल्या सभासद कंपन्यांनी सरकारच्या अटीची वाट न बघता पार्ट्सचे कॅटलॉग आजच खुले करावेत, ही वेगळी विनंती.